अगाफ्याचं माहेर

गेल्या महिन्यात एका रात्री झोपच येईना म्हणून मोबाइल हातात घेतला, दहा मिनिटं काहीतरी बघू म्हणलं, आणि पहाटे साडेतीनला मी सायबेरियातल्या एका म्हातारीला शेळीशी भांडताना बघत बसले होते. खरंच भांडत होती. शेळी दूध काढू देत नव्हती आणि ही तिला रशियनमध्ये काहीतरी सुनावत होती. खाली सबटायटल्स होती पण ती वाचायची राहून जायची, कारण हिचं बोलणं म्हणजे जरा गाण्याकडेच झुकलेलं, प्रत्येक वाक्याचं शेपूट लांबवायची सवय, आपल्याकडे जुन्या बायका ओव्या म्हणताना कसा शेवटचा शब्द ओढतात तसं. बुटकी, डोक्याला घट्ट रुमाल, अंगात एकावर एक चढवलेले जाडेभरडे कपडे, आणि दर दोन वाक्यांनी लहान मुलीसारखं हसणार.

तर ही अगाफ्या लिकोवा. नाव आधी कुठेतरी वाचलेलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर ते 'चाळीस वर्षं जगापासून तुटलेलं कुटुंब' टाइपचं फॉरवर्ड येतं ना त्यात. पण त्यात सगळा भर ते सापडले कसे यावर असतो आणि ती गोष्ट १९७८ ला संपते. मला त्यानंतरचंच जास्त इंटरेस्टिंग वाटतंय. कारण बाई अजून तिथेच आहे, जन्म १९४४ चा, आता ऐंशी पार, आणि १९८८ पासून म्हणजे वडील गेल्यापासून घरातली एकटीच उरलेली.

आधी जागा सांगते. रशियाच्या दक्षिणेला खाकासिया म्हणून भाग आहे, मंगोलियाच्या वर डावीकडे. तिथून अबाकान नदी निघते, तिच्या वरच्या अंगाला डोंगरात येरिनात नावाची एक लहान नदी, त्या नदीकाठी हिचं घर. सगळ्यात जवळची वस्ती साधारण अडीचशे किलोमीटरवर. म्हणजे मुंबईतून निघायचं आणि सातारा येईपर्यंत एक गाव नाही, रस्ता नाही, चहाची टपरी नाही, नुसता डोंगर आणि सूचिपर्णी जंगल आणि अस्वलं. जायचं तर हेलिकॉप्टर, नाहीतर उन्हाळ्यात बोटीने प्रवाहाच्या उलट. थंडीत पारा उणे चाळीसला जातो.

एवढ्या आत माणसं गेली कशाला? देवासाठी. म्हणजे देवाच्या नावाने जे भांडण झालं त्यासाठी. सतराव्या शतकात रशियन चर्चचा प्रमुख होता निकॉन, त्याने १६५३ पासून पूजेच्या पद्धतीत बदल सुरू केले. त्यातला सगळ्यात गाजलेला मुद्दा म्हणजे छातीवर क्रॉसची खूण करताना बोटं दोन धरायची की तीन. निकॉन म्हणाला तीन. हजारो लोक म्हणाले आमचे बापजादे दोन धरत आले, आम्ही दोनच धरणार, मारा नाहीतर जाळा. आणि खरंच मारलं, जाळलं, लोक पळाले, पूर्वेला पळता पळता सायबेरियात पोचले. नंतर झार पीटरने दाढीवर कर बसवला, तो या लोकांना आणखी एक पाप. जुनं धरून राहिलेल्या या लोकांना इंग्रजीत ओल्ड बिलिव्हर्स म्हणतात. बोटांवरून एवढं? असं मला आधी वाटलं. मग आठवलं की आपल्याकडे गंध उभं लावायचं की आडवं यावरून किती शतकं घातली आपण, तेव्हा गप्प बसले.

लिकोव कुटुंब यातलंच. कार्प लिकोव म्हणजे अगाफ्याचे वडील. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर धर्म या गोष्टीवरच वरवंटा फिरायला लागला, आणि १९३६ च्या सुमाराला शेतात काम करताना कार्पच्या डोळ्यांसमोर त्याच्या भावाला बोल्शेविक, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या गस्तीने गोळी घातली. कार्पने बायको अकुलिना, नऊ-दहा वर्षांचा साविन, दोनेक वर्षांची नतालिया, थोडं बियाणं, चरखा, मागाचे भाग एवढं घेतलं आणि जंगलात शिरला. पुढे दिमित्री आणि अगाफ्या जंगलातच झाले. म्हणजे अगाफ्याने चौतीस वर्षांची होईपर्यंत आईबाप आणि तीन भावंडं सोडून दुसऱ्या माणसांचा सहवास कसा तो बघितलाच नव्हता. दुसरं महायुद्ध झालं आणि संपलं, ज्यात तिच्या देशाची कोट्यवधी माणसं मेली, ते त्या घराला माहीत नव्हतं.

१९७८ च्या उन्हाळ्यात लोखंडाचं खनिज शोधायला आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांसाठी हेलिकॉप्टर उतरायला जागा बघत होतं आणि पायलटला डोंगराच्या उतारावर सरी-वरंबे दिसले. जंगलात सरळ रेघ आपोआप उमटत नाही, माणूसच मारतो. मग गालिना पिस्मेन्स्काया नावाच्या बाई होत्या टीमच्या प्रमुख, त्यांनी भेटवस्तू घेतल्या, आणि कमरेचं पिस्तूल आहे ना तेही चाचपून बघितलं (मी असते तर मीही बघितलं असतं) आणि चढून गेले. झोपडी काळवंडलेली, एकच खोली, जमिनीवर बटाट्याची सालं आणि पाइनच्या बियांची टरफलं पसरलेली. दारातून अनवाणी म्हातारा आला, ठिगळांचा सदरा, विस्कटलेली दाढी. घाबरलेला होता. पण म्हणाला काय, तर एवढ्या लांबून आलाय तर या आत. हे मला फार आवडलं. चाळीस वर्षांत दारात पाहुणा आला नाही तरी पाहुण्याला काय म्हणायचं ते विसरला नाही.

पाव दिला तर नको, जॅम दिला तर नको, आम्हाला चालत नाही. एकच गोष्ट घेतली, मीठ. कार्प नंतर सांगायचा की इतकी वर्षं मिठाविना जगणं म्हणजे खरी शिक्षा होती. इथे मी व्हिडिओ पॉज करून उठले आणि किचनमध्ये गेले, का ते सांगता येणार नाही, मिठाची बरणी बघितली आणि परत आले. आपण एक दिवस भाजीत मीठ विसरलं तर घरातले तोंड वाकडं करतात. यांची पोरं मिठाची चव न घेताच मोठी झाली.

आता भुकेचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण फॉरवर्डवाले हे एका ओळीत उडवतात. त्यांचं मुख्य खाणं बटाटा. बटाटा कुटायचा, त्यात राय नावाचं धान्य दळून घालायचं (राय म्हणजे आपली फोडणीची राई नाही हो, गव्हाच्या जातीतलं काळपट धान्य, थंडीत तग धरणारं) आणि हेम्पच्या बिया. हेम्प म्हणजे भांगेचंच कुळ, पण नशेसाठी नाही, त्याच्याच धाग्याचं सूत काढून कपडे विणायचे. शिवाय जंगलातल्या पाइनच्या शंकूंमधल्या बिया, चिलगोज्यासारख्या. सोबत आणलेली भांडी गंजून गेली, मग विस्तवावर ठेवायला भांडंच राहिलं नाही, झाडाच्या सालीचं भांडं आगीवर कसं ठेवणार? पायातल्या चपलासुद्धा सालीच्या. शिकारीला ना बंदूक ना बाण. दिमित्री मोठा झाल्यावर खड्डे खणून आणि प्राण्याच्या मागे दिवसचे दिवस धावून त्याला दमवून मारायचा, थंडीत अनवाणी, कधी बर्फात उघड्यावर झोपून. मांस मिळालं तर मिळालं.

आणि दरवर्षी त्या घरात एक बैठक व्हायची. सगळे बसायचे आणि ठरवायचे, जे आहे ते आत्ता खाऊन टाकायचं की बियाणासाठी राखायचं. अगाफ्याने हे स्वतः सांगितलंय. दरवर्षी! कल्पना करा, समोर पोरं भुकेली आहेत आणि टोपलीत बटाटे आहेत आणि ते खायचे नाहीत.

एका वर्षी ऐन जूनमध्ये बर्फ पडलं. उभं पीक गेलं. चामड्याचे जोडे खाल्ले, झाडाची साल खाल्ली. अकुलिना आपल्या वाटचं पोरांना देत गेली आणि १९६१ साली उपासमारीने मेली. अगाफ्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. रायचं बियाणं पूर्ण संपलं असं वाटत होतं, आणि मग वाटाण्याच्या वाफ्यात रायचं एकच रोप उगवलं. एक. त्याला त्यांनी कुंपण घातलं आणि उंदीर-खारी येऊ नयेत म्हणून दिवसरात्र राखण केली. त्या एका कणसात अठरा दाणे भरले. अठरा दाण्यांवरून त्यांनी पुन्हा रायचं शेत उभं केलं, अर्थात एका वर्षात नाही, वर्षानुवर्षं दाणे न खाता फक्त पेरत राहून.

हे वाचल्यावर पहिलं वाटतं, वा, काय जिद्द. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना लोकलमध्ये मला कार्पचा भयंकर राग आला. अरे बाबा तुझ्या भावाला मारलं, तू घाबरलास, पळालास, कबूल. पण बायको भुकेने मेली तेव्हा तरी? पोरांना कधी विचारलंस का? दोन बोटांच्या श्रद्धेसाठी चार पोरांचं अख्खं आयुष्य त्या उतारावर खिळवून ठेवलं, एकालाही लग्न नाही, मित्र नाही, पोटभर जेवण नाही. बापाचा शब्द आणि धर्माचा शब्द एकच झाला की मुलांना बोलायला जागाच उरत नाही, हे काय सायबेरियातच होतं असं नाही. बरं हा म्हातारा मूर्खही नव्हता. पन्नासच्या दशकात रात्री आकाशात काही तारे भराभर सरकायला लागले हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि कार्पने स्वतः डोकं चालवून अंदाज बांधला की माणसांनीच काहीतरी नवीन काढलं असणार आणि ताऱ्यांसारखे दिवे आकाशात सोडले असणार. बरोब्बर! स्पुटनिकची बातमी न वाचता उपग्रह ओळखला. आणि मग भूगर्भवाल्यांनी सेलोफेनचा कागद दाखवला तर काच आहे पण चुरगळते कशी म्हणून चकित झाला. हाच माणूस निकॉन आणि पीटरबद्दल असा बोलायचा की जणू परवाच बांधावरून भांडण झालंय.

त्यातल्या त्यात अकुलिनाचं मला कौतुक वाटतं, कारण तिने पोरांना वाचायला शिकवलं. पुस्तकं म्हणजे प्रार्थनेची आणि एक जुनं बायबल. लिहायला शाई नाही, तर हनीसकल नावाच्या झुडपाच्या फळांचा रस, त्यात टोकदार काडी बुडवायची आणि बर्च झाडाच्या सालीवर लिहायचं. बर्च म्हणजे भूर्ज हो! आपलं भूर्जपत्र. इकडे भूर्जपत्र म्हणलं की आपण संग्रहालयात काचेच्या मागे बघतो, आणि तिकडे विसाव्या शतकात एक आई त्याच्यावर पोरीला अक्षरं गिरवायला लावत होती.

१९८१ च्या शरद ऋतूत थोड्या दिवसांच्या अंतराने साविन, नतालिया आणि दिमित्री तिघंही गेले. बाहेरच्या माणसांच्या जंतूंनी गेले असं सरसकट लिहितात, पण तसं सगळ्यांनी मानलेलं नाही. दोघांची किडनी गेली होती, इतक्या वर्षांच्या त्या खाण्याने, आणि दिमित्रीला न्यूमोनिया झाला. भूगर्भवाले त्याला हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यायला तयार होते, तो नको म्हणाला, चालत नाही आम्हाला. या दिमित्रीला त्यांच्या कॅम्पवरची लाकूड कापायची गोल करवत फार आवडायची, त्याला जे काम करायला दोन दिवस लागायचे ते तिथे मिनिटात व्हायचं, तो बघतच राहायचा. तो न्यूमोनियाने मेला याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, का कुणास ठाऊक.

मग उरले म्हातारा आणि अगाफ्या. १९८२ ला वसिली पेस्कोव नावाच्या पत्रकाराने 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि अख्ख्या सोव्हिएत देशाला या दोघांचं वेड लागलं, लोक पार्सलं पाठवायला लागले. कार्प १६ फेब्रुवारी १९८८ ला गेला, बायको गेली त्याच तारखेला, सत्तावीस वर्षांनी. भूगर्भवाल्यांच्या मदतीने अगाफ्याने त्याला पुरलं आणि घरी परत आली.

आता सगळे विचारतात तोच प्रश्न. मग ती निघून का नाही आली?

तर ती आली होती! हेच मला सांगायचंय आणि एवढं सगळं लिहून आत्ता त्यावर आले. ती काही बाहेरचं जग न बघता 'बिचारी' म्हणून तिथे पडलेली नाही. ऐंशीच्या दशकात ती बाहेर पडली, विमानात बसली, ट्रेनमध्ये बसली, घोडा पहिल्यांदा बघितला, पैसे बघितले, केमेरोवो भागात तिचे आईकडचे नातेवाईक निघाले त्यांच्याकडे राहून आली. ते म्हणाले राहा इथेच. नाही राहिली. १९९० मध्ये येनिसेईच्या काठी त्यांच्याच पंथाच्या जोगिणींच्या मठात गेली, तिथे तरी रमेल असं सगळ्यांना वाटलं, तिथेही पटलं नाही, तब्येतही बरी राहीना, परत आली. बाहेरची हवा आणि पाणी मला बाधतं असं ती म्हणते, रस्त्यावरच्या गाड्यांची भीती वाटते म्हणते. म्हणजे तिने बघितलं, तोललं आणि परत गेली. एकदा नाही, अनेकदा.

आणि मला वाटतं आपण तिला चुकीच्या खान्यात टाकतो. आपल्याला बाई जंगलात एकटी म्हणलं की दोनच गोष्टी सुचतात, एक तर तपस्विनी नाहीतर वेडी. मला ती दोन्ही वाटत नाही. ती फक्त माहेरी आहे. एवढंच. जिथे जन्मली ते जंगल, तिथेच आईबापाची थडगी, ती कधी सासरी गेलीच नाही. माहेरी राहिलेल्या मुलीला आपण काय विचारतो? 'अजून इथेच?' तेच जग तिला हेलिकॉप्टरने येऊन विचारतंय.

हे मी एवढं ठामपणे म्हणतेय कारण आमच्या घरी एक अगाफ्या आहे. माझी आत्या. राजापूरच्या पुढे आत, एसटी जिथे वळते तिथून पाऊण तास चालायचं, तिथे आजोबांच्या घरात ती एकटी असते. लग्न झालं नाही, का झालं नाही हे आमच्या घरात कुणी बोलत नाही आणि मीही इथे लिहिणार नाही. आजी-आजोबा गेले, काका मुंबईला, बाबा डोंबिवलीला. दर गणपतीला सगळे जमले की तोच विषय, आता एकटीने नको राहू, पाय घसरला तर कळणार पण नाही कुणाला. आत्या उकडीला पाणी ठेवता ठेवता ऐकून घेते आणि म्हणते, 'मग गुरांचं काय करू गो? लोकलात बसवून आणू?' दोनदा आणलंय तिला डोंबिवलीला. पहिल्या वेळी बारा दिवस राहिली, दुसऱ्या वेळी पाच. पाचव्या दिवशी पहाटे पिशवी भरून दारात बसलेली.

अर्थात अगाफ्याचं एकटेपण हेही अर्धं खरं आहे, आत्याचं जसं अर्धं खरं आहे तसं. १९९७ ला येरोफेई सेदोव नावाचा माजी भूगर्भवाला, गँगरीनने एक पाय गेलेला, तिच्या खालच्या अंगाला येऊन राहिला, २०१५ ला मरेपर्यंत. आला होता तिला मदत करायला बहुतेक, पण एका पायाचा माणूस काय मदत करणार, हीच त्याला सरपण आणि पाणी नेऊन द्यायची. दोघांचं पटायचंही नाही फारसं. जंगलात अडीचशे किलोमीटरमध्ये एक शेजारी आणि त्याच्याशीही कुरबूर, हे मला अगदी ओळखीचं वाटलं, आमच्याकडे आत्याचं आणि वरच्या वाडीतल्यांचं पाण्याच्या पाइपवरून असंच चालू असतं.

शिवाय आता तिचा भाग खाकासियाच्या अभयारण्याखाली येतो, त्यांची माणसं येतात, उन्हाळ्यात स्वयंसेवक येतात, गवत कापतात, बटाटे काढतात, कुणी महिनाभर राहायला येतं, बरेचसे टिकत नाहीत. पीठ-मीठ-दाणापाणी येतं. पण ती सगळं घेत नाही. बारकोड असेल तर नको. त्या काळ्या रेघा म्हणजे सैतानाची खूण असं तिचं मत. हसू येतं खरं, पण देणाऱ्यासमोर 'हे नको' म्हणणं सोपं नसतं, आपण तर नको असलेला डिनर सेटही हसत घेतो.

जानेवारी २०१६ मध्ये पाय इतके दुखायला लागले की तिने फोनवरून मदत मागवली आणि तिला हेलिकॉप्टरने ताश्तागोलच्या दवाखान्यात नेलं. बऱ्या झाल्या बाई आणि गेल्या परत. जुनं घर पार मोडकळीला आलं होतं, तर रशियातला अब्जाधीश ओलेग देरिपास्काने खर्च उचलला, लाकडं तिथपर्यंत पोचवली, आणि २०२१ मध्ये ती नव्या घरात राहायला गेली. त्याच जागी बरं का, म्हणजे अब्जाधीशालाही तिला हलवता आलं नाही, त्याने घरच तिच्याकडे नेलं. आणि सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे हा सगळा पट्टा कझाकस्तानातल्या बैकोनूर या रॉकेटतळावरून सुटणाऱ्या रॉकेटच्या मार्गाखाली येतो, जळून सुटलेले टप्पे त्या जंगलात पडतात. ज्या बापाने डोक्यावरून जाणारा तारा बघून माणसाचं काम म्हणून ओळखलं, त्याच्या लेकीच्या अंगणाच्या आसपास त्या ताऱ्याचे पत्रे पडतायत. हे मी कुणाला सांगितलं तर म्हणतात काहीतरीच बोलतेस.

त्या व्हिडिओखाली कमेंट्स वाचल्या, जगभरातल्या लोकांच्या. 'किती शांत आयुष्य', 'मलाही सगळं सोडून असं जायचंय', हार्ट, हार्ट, बदाम. अरे बाबांनो शांत कुठेय? ती बसलेलीच दिसत नाही. व्हिडिओभर बाई पाणी वाहतेय, लाकूड फोडतेय, बटाटे निवडतेय, अस्वल आलं तर हाकलायला भांडं बडवतेय, आणि मध्ये मध्ये उभी राहून प्रार्थना. ज्यांना 'सगळं सोडून' जायचंय त्यांनी आत्याकडे मे महिन्यात आठ दिवस जाऊन दाखवावं, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असताना. मी एकदा गेले होते वर्क फ्रॉम होम करायला, नेटवर्क मिळायला काजूच्या झाडाखाली उभं राहावं लागायचं, चौथ्या दिवशी मीच पिशवी भरून दारात बसले होते.

मागच्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेतली आणि गावी गेले. व्हिडिओ डाउनलोड करून नेला होता. मनात होतं आत्याला दाखवू, तिला बरं वाटेल, बघ तुझ्यासारखी आणखी एक आहे जगात, वगैरे. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत बसलो, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. आत्याने चष्मा लावला. मी सांगत होते, ही एकटी असते, अडीचशे किलोमीटरवर कुणी नाही, आई भुकेने गेली, भाऊ-बहीण एकदम गेले, अठरा दाण्यांचं सांगितलं. अठरा दाण्यांना तिने मान हलवली फक्त. तिच्या माजघरात राखेत घोळवलेलं पडवळाचं बी डब्यात आहे आणि भोपळ्याच्या बिया शेणाच्या गोळ्यात भिंतीला थापलेल्या आहेत, तिला त्यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं, हे मला सांगून झाल्यावर कळलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. शेळीचा तो सीन आला तेव्हा पुढे वाकली. मग अगाफ्या उतारावर बटाटे काढत होती तिथे म्हणाली थांबव जरा. थांबवलं. चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

'दाट लावलेत गो बटाटे,' म्हणाली. 'आणि शेळीचं दावं किती आखूड ठेवलंय बघ, म्हणून ती नाचते.'

मग मोबाइल परत दिला आणि गोठ्यातला दिवा बघायला उठली.